चिखलदऱ्याला दिसलेले जादा तारे

डोळ्यात वायूचा बुडबुडा असताना डोंगरावर जायचं नसतं, हे मागच्या पावसाळ्यापर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझ्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला, आणि तो नीट चिकटावा म्हणून डोळ्यात वायू भरला. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो, आतला वायू फुगतो, आणि वाचवलेला डोळा त्यातच जाऊ शकतो. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, तरी हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "चिखलदऱ्यालासुद्धा नाही?"

"चिखलदऱ्यालासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "विमान नाही, घाट नाही. नागपूर छान सपाट आहे. काही दिवस नागपुरातच राहा."

चिखलदऱ्याचं नाव माझ्या तोंडून उगाच निघालं नव्हतं. मला ताऱ्यांचा नाद आहे, आणि त्यातही जोडताऱ्यांचा. आकाशात एकटा दिसणारा तारा पुष्कळदा एकटा नसतो, दोघे मिळून एकमेकांभोवती फिरत असतात. काही जोड्या दुर्बिणीतून सुट्या दिसतात. काही इतक्या जवळ असतात की कुठल्याही दुर्बिणीत एकच ठिपका, पण एक तारा दुसऱ्याच्या आड गेला की त्या ठिपक्याचा उजेड उतरतो आणि मग ओळखू येतं. असे उतरणारे-चढणारे तारे मी वर्षानुवर्षं उजव्या डोळ्याने पाहत आले. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याला उजेड कळतो, माणूस कळतो, तारा कळत नाही. म्हणजे जे काय होतं ते उजव्यावरच होतं.

शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस मान खाली घालून राहावं लागलं. जेवताना खाली, झोपताना पालथं, बोलताना समोरच्याच्या चपलांशी. आमच्या मनीषनगरच्या घरातल्या फरशीवरचे डाग मला पाठ झाले. माझे यजमान मनोहर वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना तारे आणि पथदिवे सारखेच. पण त्या दिवसांत ते रात्रीचं जेवण झालं की गच्चीवर जायचे आणि खाली येऊन मला बातमी द्यायचे, "तो लाल वाला निघाला बरं का. त्याच्या बाजूले एक पिवळा हाये. नाव नको विचारू."

दिवाळीपर्यंत बुडबुडा विरला. मग मोतीबिंदू आला, तोही काढला. मग टाक्यांमुळे बुबुळाचा आकार बिघडला म्हणून खास भिंगाचा चष्मा आला. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जा कुठे जायचं ते. पण वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर असाल तिथून परत या." तारे पूर्वीसारखे दिसतील का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

वाडीपासून परतवाड्यापर्यंत

सकाळी निघालो. दुर्बीण गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी. अमरावती रोडवर वाडीला मालधक्क्यांच्या ट्रकांमध्ये अडकलो, तेव्हा मनोहर म्हणाले, "तुझे तारे तरी एकमेकांले जागा देत असतील." एरवी मी याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मला सगळंच आवडत होतं, ट्रकांच्या मागे लिहिलेलं मला वाचता येत होतं म्हणूनसुद्धा.

कोंढाळी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. झाडांवर अजून फळं होती. लांबून संत्रं पानांपासून वेगळं दिसतं की नाही, हे मी प्रत्येक बागेपाशी तपासत होते. दिसत होतं. एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लाल जाळ रस्सा. पुण्याच्या माझ्या जावेला तो पोह्यांवर घालतात हे पाहून दरवेळी धक्का बसतो. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ले आणि गाडीत बसून डोळ्यात औषधाचे थेंब घातले. त्यासाठी चष्मा काढून शेजारच्या सीटवर ठेवला. शेजारची सीट म्हणजे चालकाची.

मनोहर पैसे देऊन आले आणि बसले.

"काही मोडलं काय?" त्यांनी विचारलं.

"माझा चष्मा," मी म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, पण आवाजावरून कळलं.

त्यांनी तो बाहेर काढला. दांडी वाकली होती आणि उजवं भिंग निघून पायाशी पडलं होतं. भिंग शाबूत होतं. मनोहरांचा चेहरा मात्र असा झाला होता की जणू ते माझ्या डोळ्यावरच बसले.

"आता कसं करायचं, वं?" ते म्हणाले. "वापस जाऊ?"

"परतवाड्याला चष्म्याचं दुकान असेल की."

होतं. दुकानदार मोठा हसतमुख माणूस होता. त्याने दांडी गरम करून सरळ केली, गोल फ्रेममध्ये गोल भिंग टक्कन बसवलं, पुसून माझ्या हाती दिलं आणि एवढ्याशा कामाचे पैसे घ्यायला तयार होईना. आम्ही त्याचे आभार मानून घाट चढायला लागलो. वळणावळणांवर मला जरा गरगरलं. घाटात गरगरतंच, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पहिली संध्याकाळ

चिखलदऱ्याच्या गावाबाहेर, पठाराच्या कडेला शकूताई आणि दिगंबरभाऊ यांचं घर आहे. दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. चार म्हशी, थोडी शेती, आणि उन्हं कलली की अंगणातल्या चुलीवर खव्याची कढई. शकूताई माझ्याच वयाच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दुर्बिणीच्या गोधडीकडे पाहिलं.

"पेशंट हाये काय कोणी?" त्यांनी काळजीने विचारलं.

"दुर्बीण आहे. तारे बघायला आलोय."

"असं होय! मंग अंगणातला बल्ब काढूनच टाकतो आम्ही," त्या म्हणाल्या, आणि खरंच नवऱ्याला स्टुलावर चढवून बल्ब काढायला लावला. नागपुरात मी शेजाऱ्यांना गच्चीवरचा दिवा बंद करा म्हणून वर्षानुवर्षं सांगते आहे.

नागपुरात फेब्रुवारीत पंख्याचा विचार सुरू होतो. इथे सूर्य मावळला आणि अंगावर काटा आला. शाल गुंडाळून मी अंगणाच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. खव्याचा गोडसर वास येत होता. दरीत अंधार भरत गेला आणि दक्षिणेकडे व्याध उजळला, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा.

व्याधाच्या शेजारी दुसरा तारा होता.

एक क्षण मला विलक्षण आनंद झाला, हे मी लपवत नाही. कारण व्याधाला खरोखरच एक जोडीदार आहे. एके काळी तो दोघांतला मोठा होता. मोठा तारा इंधन भराभर जाळतो. याचंही लवकर संपलं, बाहेरचे थर उडून गेले, आणि उरला तो पृथ्वीएवढा पांढरा गाभा, ज्यात सूर्याएवढं वस्तुमान ठासून भरलं आहे. पण तो इतका फिका आहे की व्याधाच्या झगमगाटात चांगल्या दुर्बिणीलाही सहजी सापडत नाही. साध्या डोळ्यांना तर कोणालाच, कधीच नाही.

मग मला काय दिसत होतं?

मी रोहिणीकडे पाहिलं. तिच्याही शेजारी एक फिका तारा, त्याच अंतरावर, त्याच बाजूला. मृगाच्या खांद्याशी तेच. डोक्यावरच्या ब्रह्महृदयाशी तेच. आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याला जोडी लागली होती. आयुष्यभर जोडतारे शोधणाऱ्या बाईला आता सगळं आकाशच जोडताऱ्यांचं दिसत होतं.

"अहो," मी हाक मारली. "इकडे या."

मनोहर धावतच आले. मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले एकच दिसून राहिला."

"तेच तर."

"वीज चमकली काय? पडदा?"

"नाही. पडदा नाही, ठिपके नाहीत. पण दोन दिसतात."

त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. फोन उंच धरून ते अंगणभर फिरले, गोठ्याच्या भिंतीवर चढले, खाली आले. "निघू आपण. आत्ताच निघू. पहाटेपर्यंत नागपूर."

दिगंबरभाऊ कढईतला खवा ढवळता ढवळता उठून आले. "आता कोठी जाता, भाऊ? घाटात गवे रस्त्यावर येऊन बसते. परवा एका जीपले धडकला. उजाडल्यावर जा, मी सोबत येतो खालपर्यंत."

मनोहरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढा मोठा रानगवा अंधारात माझ्या नवऱ्याला दिसेल, याची मला खात्री नव्हती. दुपारी त्यांना चष्माही दिसला नव्हता.

शकूताईंनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ताजा खवा समोर ठेवला. मला घास उतरेना. त्यांनी आग्रह केला नाही. माझ्या शेजारी बसून त्या एवढंच म्हणाल्या, "डोया दुखून राहिला काय?" मी नाही म्हणाले. "मंग जेवा थोडकंसं. दुखत असता तं गोष्ट येगळी."

का कोण जाणे, मी अर्धी भाकर खाल्ली.

खोलीत गेल्यावर मनोहरांनी गाडीची किल्ली उशाशी ठेवली. मग म्हणाले, "मी गच्चीवरून पाहून सांगत जाईन तुले. शिकीन नावं." मला रडू आलं. अंधारात होतो ते बरं झालं.

पहाट

पाचच्या सुमारास जाग आली. मनोहर शेवटी झोपले होते. मी शाल आणि चष्मा घेऊन बाहेर आले. थंडी कडाक्याची होती, आणि उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले.

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली बारीक अरुंधती. आमच्या लग्नातही गुरुजींनी मांडवाबाहेर नेऊन ती दाखवली होती, आणि मनोहरांनी न पाहताच "दिसली" म्हटलं होतं. मी चष्मा चढवला. सातही ऋषींना फिक्या जोड्या लागलेल्याच होत्या. वसिष्ठापाशी तर दोन होत्या. त्यातली कोणती अरुंधती आणि कोणती माझ्या डोळ्याने जन्माला घातलेली?

शाळेत शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगायचे. आकाशात शेजारी दिसणारे दोन तारे खरंच जोडीचे असतात असं नाही. एक जवळ असतो, दुसरा त्याच्या कितीतरी मागे, आणि आपण ज्या रेषेत उभे आहोत तिथून ते शेजारी वाटतात. खरी जोडी कोणती, हे नुसतं पाहून कळत नाही. वर्षानुवर्षं थांबून पाहावं लागतं, कोण कोणाभोवती फिरतं ते. मुलं विचारायची, "आणि मॅडम, थांबायचं नसेल तर?" मी म्हणायचे, "मग दुसरी काही युक्ती काढा."

माझ्याकडे थांबायला वर्षं नव्हती. मी मान उजवीकडे कलती केली.

सगळ्या जादा ताऱ्यांनी आपापल्या ताऱ्याभोवती गिरकी घेतली, माझ्या मानेबरोबर. अरुंधती जागेवर राहिली.

म्हणजे जादा तारे आकाशात नव्हते. तेवढं मला आधीच माहीत होतं. ते माझ्यात होते. पण माझ्यात म्हणजे कुठे? माझ्या आणि आकाशाच्या मध्ये दोन गोष्टी होत्या, डोळा आणि चष्मा. मान कलली की दोन्ही एकदम कलतात.

मी मान सरळ ठेवली. चष्मा कानावरून काढला, दोन्ही हातांनी डोळ्यापुढे धरला आणि गाडीचं चाक फिरवावं तसा सावकाश फिरवला. डोळा स्थिर, चष्मा फिरतोय. वसिष्ठाभोवतीचा जादा तारा सरकायला लागला. सरकत सरकत जवळ आला, लांबट झाला, आणि एका कोनावर दोन्ही मिळून गेले. मी हात तिथेच थांबवला. सात ऋषी, सात ठिपके. आणि वसिष्ठापाशी एकटी, बारीक, टोकदार अरुंधती.

गोल फ्रेम! गोल फ्रेममध्ये गोल भिंग कसंही बसतं. पण माझ्या भिंगाला दिशा होती. बिघडलेल्या बुबुळाला जिथे जादा वाक आहे तिथे बरोबर उलटा वाक हवा. परतवाड्याच्या त्या भल्या माणसाने भिंग छान पुसून, छान घट्ट, पण फिरवून बसवलं होतं. दिवसा ते घाटातल्या गरगरण्यात खपून गेलं, आणि ताऱ्यासारखा बारीक ठिपका समोर येताच उघडं पडलं.

मी आत धावले. "अहो उठा. चष्मा आहे! डोळा नाही, चष्मा!"

मनोहर दचकून उठले. झोपेतच त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली. "कोठी जायचं?"

"कुठेच नाही. बाहेर चला."

मी त्यांना सगळं समजावलं, तेही दोनदा. कारण पहिल्यांदा मी फारच भरभर बोलत होते. त्यांनी चष्मा हातात घेऊन फिरवून पाहिला, जसं काही त्यांना त्यातून दिसणार होतं. मग ओट्यावर बसले आणि एकाएकी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत. हसत नव्हते. मी शेजारी बसले.

"रातभर मले वाटत होतं," ते म्हणाले, "की मी बसलो म्हणून... चष्म्यावर नाही, डोळ्यावरच बसलो."

"तुम्ही बसलात म्हणूनच झालं," मी म्हणाले. "पण चष्म्याला झालं."

तेव्हा मात्र ते हसले. गोठ्याकडून शकूताई कंदील घेऊन आल्या. पाहुणे उजाडायच्या आत ओट्यावर बसून हसताहेत आणि रडताहेत, हे पाहून त्यांनी कंदील खाली ठेवला. "बरं हाये ना सारं?"

"बरं आहे, ताई," मी म्हणाले. "फारच बरं आहे."

"मंग च्या टाकतो," त्या म्हणाल्या. त्या सकाळी मी भाकर मागून घेतली, लोणी मागून घेतलं, आणि रात्रीचा उरलेला खवाही संपवला.

दिवसा

उजाडल्यावर मी ओट्यावर बसून भिंग अंगठ्यांनी थोडंथोडं सरकवलं. समोरच्या विजेच्या तारा एकेरी दिसेपर्यंत. मग ते हलू नये म्हणून कडेला शकूताईंच्या सुनेचं नखांना लावायचं लाल पॉलिश लावलं. चष्म्याला कुंकू लावल्यासारखं झालं.

त्यानंतरचा दिवस मी आयुष्यातल्या उत्तम दिवसांत धरते, आणि त्यात फारसं काही घडलं नाही. गाविलगडाच्या किल्ल्यावर गेलो. पडक्या तटावर माकडं ऊन खात बसली होती. तळ्याच्या काठी एक खंड्या फांदीवर होता, आणि त्याच्या छातीवरचं पांढरं मला दिसलं. हे वाचणाऱ्याला काय विशेष वाटेल? मला वाटलं. वाटेत एका शेतात स्ट्रॉबेरीचे वाफे होते. विदर्भात स्ट्रॉबेरी हे मनोहरांना अजून पटत नाही. त्यांनी एक खाल्ली, तोंड वाकडं केलं, "संत्र्याची सर नाही," म्हणाले आणि खोका घेतला. इथे कॉफीही पिकते. एका बाईने घरी भाजून कुटलेली कॉफी पाजली. कडू होती आणि धुराचा वास होता. आम्ही दोघांनी दुसरा कप मागितला.

दरीच्या कठड्याशी उभे असताना मनोहरांनी विचारलं, "आज रातचा तुझा तारा कोणता?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

दुसरी संध्याकाळ

तो तारा ययाती नावाच्या तारकासमूहात आहे. एरवी चांगला तेजस्वी, पण दर तीन दिवसांच्या आतच काही तासांसाठी मलूल होतो आणि पुन्हा वर येतो. फार जुन्या काळापासून लोक त्याला सैतानी तारा समजत आले. तसं काही नाही. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे आला की उजेड अडतो. आज संध्याकाळीच त्याचा उजेड उतरलेला असणार, हे गणित मी नागपुरातच मांडलं होतं. त्यासाठीच हा दिवस धरला होता.

अंधार पडला. आज व्याध एकटा होता. मी वायव्येकडे मान वर केली. ययातीतला माझा तारा शेजारच्या एका मंद ताऱ्याइतकाच फिका झाला होता, अगदी बरोबरीला. त्याच्या एरवीच्या तेजाचा जो तारा शेजारच्या देवयानी समूहात आहे, तो मात्र खाली पश्चिमेकडे ठळक चमकत होता. मी दोघांकडे आळीपाळीने पुन्हा पुन्हा पाहिलं. शंका नव्हती.

दिगंबरभाऊ आणि शकूताई कामं आटोपून अंगणात येऊन बसले. मी त्यांना तारा दाखवला आणि या जोडीतली खरी गंमत सांगितली. दोघांतला मंद तारा वजनाने हलका, पण फुगलेला, म्हातारा. तेजस्वी तारा भारी, पण तरणा. दोघे जन्मले बरोबरच. नियम असा की जास्त भारी तारा आधी म्हातारा होतो. मग इथे हलका आधी म्हातारा कसा झाला?

"हे उलटंच झालं," दिगंबरभाऊ म्हणाले.

"शास्त्रज्ञही बराच काळ असंच म्हणत होते. मग कळलं, हा हलका आधी भारी होता. म्हणून तोच आधी म्हातारा झाला, फुगला, इतका फुगला की त्याचे बाहेरचे थर त्याच्या हातात राहिले नाहीत. ते शेजारच्याकडे ओढले गेले. यातलं त्यात वाहत गेलं. देणारा हलका झाला, घेणारा भारी झाला."

"अन् घेणारा आता चमकून राहिला," शकूताई म्हणाल्या.

"हो."

मनोहर म्हणाले, "मंग तो वापस करीन काय कधी?"

"करील. तोही एक दिवस म्हातारा होईल, फुगेल, आणि त्याचं याच्याकडे वाहायला लागेल. आपण नसू तेव्हा. माणसं तरी असतील की नाही."

"असू दे," शकूताई उठत म्हणाल्या. "हिशेब लांबचा हाये त्यांचा. आपून जेवून घेऊ."

आम्ही आत जाऊन जेवलो. मी मुद्दाम घाई केली नाही. जेवण झाल्यावर बाहेर येऊन वर पाहिलं, आणि मनोहरांना विचारलं, "तुम्हाला काय दिसतं? मी सांगणार नाही."

त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं. "मघा ते दोघं सारखे होते ना? आता हा मोठा हाये. बराच मोठा."

मलाही तेच दिसत होतं. ताऱ्याचा उजेड चढत होता. डोळा जागेवर होता, आणि पारखही.

मग दुर्बीण उभी केली. देवयानीतला तो ठळक तारा अजून पश्चिमेला होता. तो साध्या डोळ्यांना एक दिसतो. दुर्बिणीत त्याचे दोन होतात, एक केशरी, दुसरा लहान. त्या लहान ताऱ्याचा रंग मी इतकी वर्षं हिरवट सांगत आले. पुस्तकांत निळा लिहितात, आणि मला वाटायचं की लिहिणाऱ्यांनी केशरीच्या शेजारी म्हणून निळा ठरवला असावा.

मी डोळा लावला. केशरी तारा होता. त्याला खेटून लहान तारा होता.

तो निळा होता. उमरेडला माझे वडील हातमागावर बसायचे. धोट्यात ताजा रंगवलेला निळा धागा भरला की पहिल्या ओळीला जो निळा उमटायचा, तसा निळा.

माझ्या डोळ्यातलं जुनं भिंग वयाने पिवळं पडत गेलं असणार, हळूहळू, मला न कळता. त्या पिवळ्यातून मी आकाश पाहत होते. मोतीबिंदूबरोबर ते काढून टाकलं, नवं स्वच्छ बसवलं. डोळा जेमतेम वाचला तर पुरे, एवढंच मागायला मी इथे आले होते.

"काय दिसते?" मनोहर मागून म्हणाले.

"निळा आहे हो. निळाच आहे."

"तू तं हिरवा म्हणत होती."

"चुकत होते."

शकूताईंनी पदर सावरून दुर्बिणीत पाहिलं. त्यांनी वेळ घेतला. "निळाच हाये, ताई," त्या म्हणाल्या. "हिरवा कोण म्हणे?"

मनोहर हसायला लागले, दिगंबरभाऊंना कारण कळलं नाही तरी तेही हसले. मी शकूताईंना बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. तारा पश्चिमेच्या डोंगरामागे जाईपर्यंत मला तिथून उठायचं नव्हतं, आणि कोणी मला उठवलंही नाही.